आढ्याची फळी

१

सोमवारी सकाळी दहा वाजता मासानोरीने शिडीच्या टोकावरून "फळी नाही" असं सांगितलं, आणि माझं उरलंसुरलं वर्ष नासलं.

वर्ष म्हणजे प्रमुखपणाचं. आमच्या कोबुने गल्लीत बावीस घरं. दर एप्रिलला गल्लीचं प्रमुखपण एका घरातून शेजारच्या घरात सरकतं. ते कोणी मागत नाही आणि कोणाला चुकत नाही. यंदा माझी पाळी होती. मी होरी तेत्सुओ, वय सत्तर. गॅस कंपनीत चाळीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून नळ्या जोडल्या आणि निवृत्त झालो तो गुडघे तिथेच ठेवून.

ज्या घरात शिडी लावली होती ते इत्सुकोताई सावाए यांचं. ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. घर आमच्या सगळ्यांसारखंच, रस्त्याकडे जेमतेम तीन पावलं रुंद लाकडी जाळी, मग आत चालतच राहायचं ते थेट मागच्या दगडी पायऱ्यांपर्यंत, आणि पायऱ्यांखाली तळं. अशा घरांचं कौतुक करायला लोक लांबून येतात. राहतो आम्ही. जानेवारीत तळ्यावरून वारा सुटला की जेवतानासुद्धा टोपी घालावी लागते, आणि एक खिडकी बदलायची तर नगरपालिकेचे चार कागद.

घर उभं राहिलं की आढ्याला एक फळी ठोकतात. तिच्यावर शाईने साल आणि बांधणाऱ्याचं नाव. ताईंच्या घरची फळी दोनशे चाळीस वर्षांपूर्वीची, असं गल्लीच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. शुक्रवारी जतन करायच्या जुन्या घरांच्या यादीसाठी नगरपालिकेच्या तपासनीस बाई येणार होत्या. माझे गुडघे हे असे, म्हणून फळी बघायला ताईंचा पुतण्या मासानोरी वर चढला. खाली शिडी धरायला पाहुणघरवाली चिनामी. चुलीची जुनी जागा होती तिथे ताई उभ्या.

"जागा दिसतेय," मासानोरी वरून म्हणाला. "फिकट पट्टा आहे, दोन खिळ्यांची भोकं. फळी नाही."

"नाही ना," ताई म्हणाल्या. "बरं."

"म्हणजे चोरीला गेली," चिनामी म्हणाली.

आणि एकदा तो शब्द निघाल्यावर आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच नाव आलं. गेल्या महिन्यात त्या छपराची गळती काढायला एकच माणूस वर चढला होता. गेनझो मिस्त्री. माझा शेजारी.

२

आता मी काय केलं ते सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

गल्लीत बातमी द्यायची तर फिरती पाटी असते. पाटीला कागद अडकवायचा, प्रत्येक घराने वाचून आपला शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. मी लिहिलं: "सावाए यांच्या घरातली आढ्याची फळी नाहीशी झाली आहे. अलीकडे छपरावर कोणाचं येणं-जाणं होतं हे सर्वांना माहीत आहेच. प्रत्येकाने आपल्या घराची काळजी घ्यावी."

नाव लिहिलं नाही. आमच्याकडे नाव लिहावं लागत नाही. त्यातच सगळी सभ्यता आणि त्यातच सगळा दुष्टपणा.

पाटी पहिल्यांदा प्रमुखाच्या शेजारी जाते. शेजारी गेनझो. हातात द्यायचं धाडस झालं नाही, म्हणून मी त्याच्या दाराच्या खुंटीला अडकवून आलो. जाळीच्या आडून पाहत राहिलो. त्याने पाटी घेतली, उभ्या उभ्या वाचली, आत जाऊन शिक्का मारून आणला आणि स्वतःच्या हाताने पुढच्या घरी नेऊन दिली. आपली बदनामी आपणच शेजारी पोचवली, तीही वेळेत.

संध्याकाळपर्यंत तीन घरांनी त्याला फोन करून छपराची कामं पुढे ढकलली. चौथं घर माझं. माझ्या न्हाणीवर गळतंय, बुधवारी तो येणार होता. मी म्हटलं, "घाई नाही, नंतर बघू."

मंगळवारी तो माझ्या दारात आला. अठ्ठावन्न वर्षांचा, खांद्याने रुंद, बोलायला कंजूष. गल्लीतल्या प्रत्येक छपरावर त्याचा बाप चढला होता आणि आता तो चढतो. आमच्या गल्लीबाहेर त्याला कामही नाही.

मी विचारलं, "फळी तू घेतलीस?"

"नाही."

"मग वर गेलास तेव्हा होती का ती?"

यावर तो गप्प. मी दोनदा विचारलं, दोनदा गप्प. मग म्हणाला, "होरीसान, तुम्ही स्वतः वर चढून पाहिलंत?"

"माझे गुडघे तुला माहीत आहेत."

"मग राहू द्या," म्हणाला, वाकला आणि गेला.

मला संताप आला. चोर ठरत असलेला माणूस मलाच टोमणा मारून जातो म्हणजे काय. त्याच दुपारी मासानोरीचा फोन आला: गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सभा घ्या, तपासनीस बाई यायच्या आत पोलिसांत तक्रार गेली पाहिजे. पोलीस एकदा गेनझोच्या दारात उभे राहिले की त्याला आपल्या आढ्यापर्यंत कोण चढू देणार? छपरावर चढू देतात ते माणसाकडे बघून. मी हो म्हटलं. प्रमुखाला नाही म्हणता येत नाही, निदान मला तरी आलं नाही.

३

तरी मनाला पटत नव्हतं. फळी चोरून सुताराला काय मिळणार, सरपण? बुधवारी मी एकेकाला गाठायला निघालो.

मासानोरीचा हेतू सगळ्यांत उघडा. घर यादीत गेलं नाही तर काकूंनंतर ते पाडून तिथे सदनिकांची इमारत उभी करता येईल, आणि तळं दिसणाऱ्या खिडक्यांना गिऱ्हाईक मिळेल. हे मी त्याला तोंडावर म्हटलं.

"फळी नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण मला घर पाडायचं तर फळी चोरायला कशाला हवी, तुमची ही घरं आपोआप पडतात."

ती वर असताना तू पाहिली होतीस का, असं विचारल्यावर म्हणाला, लहानपणी पाहिली होती, सोनेरी अक्षरं होती. घरबांधणीच्या फळीवर सोनं कोणी लावत नाही.

चिनामी ओसाकाहून चार वर्षांपूर्वी आली. तिच्या पाहुणघराच्या भिंतींवर लोकांची टाकाऊ वल्ही, मापं, पळ्या टांगलेल्या. मी भिंतींकडे बघतोय हे तिने ओळखलं. म्हणाली, हवं तर मोजून घ्या. पाहुणे प्रत्येक भिंतीचा फोटो काढतात, चोरीची वस्तू मी तिथे कशाला लावीन? फळी पाहिली होती का, या प्रश्नावर तिने उलट मलाच विचारलं.

"माहितीपत्रकात वाचलं मी. तुम्हीच छापलंत ना ते?"

मी छापलं खरं. पण मजकूर आदल्या प्रमुखाकडून आलेला, त्याला त्याच्या आदल्याने दिलेला. मग मी हट्टाला पेटलो आणि एकोणीस दारं वाजवली. कोणी म्हणे फळी पुरुषभर लांब, कोणी म्हणे हाताएवढी. अक्षरं काळी, लाल, कोरलेली. सगळ्यांना फळी ठाऊक होती आणि एकालाही ती आपण कधी पाहिली ते सांगता येईना. दुपारचे चार वाजले, गुडघे बोंबलायला लागले आणि हातात काहीच नव्हतं. गल्लीभर साक्षीदार, आणि त्यात डोळ्यांनी पाहिलेला एक नाही.

४

शेवटी ताईंकडे गेलो. त्या मागच्या पायऱ्यांवर बसून मासे कापायची फळी धूत होत्या. फुना मासे भातात आंबवून घालण्यात ताईंचा हात धरणारं गल्लीत कोणी नाही. त्या वासाने परगावची माणसं नाक धरतात आणि आम्हाला भूक लागते.

फळी जुनी, लांबट, मधोमध सुरीने झिजून खोलगट झालेली. दोन्ही टोकांना भोकं, त्यांतून टांगायची दोरी. ताई वरची बाजू घासत होत्या, घासून झाली, पाणी ओतलं आणि फळी न उलटता तशीच पुसली. माझी बायको असती तर म्हणाली असती, अहो, दोन्ही बाजू धुवायच्या आणि मग भिंतीला उभी करायची. हे मनात आलं आणि गेलं. मी स्वतःला हुशार समजत होतो त्या दिवसांत.

ताईंनी मला चार काप बशीत दिले आणि विचारलं, "गेनझोची कामं गेली म्हणे. खरं का?"

"चार घरांची. उद्या सभा आहे, पोलिसांकडे जायचं ठरेल."

ताईंनी फळी पुसायचं फडकं पिळलं. समोर एका मचव्यावर माणूस जाळं ओढत होता.

"पोलीस नकोत," त्या म्हणाल्या. "घर माझं, फळी माझी, माझी तक्रार नाही."

"तक्रार तुमची राहिली नाही आता, ताई. गल्लीची झाली."

"मी चोरी म्हटलं नव्हतं, होरीसान."

मला वाटलं, म्हातारीचं मन मऊ, चोरालाही सांभाळून घेते. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी बशी उचलली आणि आत गेल्या. तळ्यावरचं ऊन उतरेपर्यंत मी पायऱ्यांवर बसून चरफडत राहिलो.

५

गुरुवारी दुपारपर्यंत गेनझोचं वाक्य कानातून जाईना. तुम्ही स्वतः वर चढून पाहिलंत? टोमणा मारायचा असता तर तो माणूस इतके शब्द खर्चणारा नव्हता. तीन वाजता मी गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या, बॅटरी घेतली आणि ताईंच्या घरी शिडी लावली. ताई स्वयंपाकघरात कांद्याची पात चिरत होत्या. त्यांनी अडवलं नाही.

एकेका पायरीवर देवाचं आणि मासानोरीचं नाव घेत वर पोचलो. पट्टा होता. आजूबाजूचं आढं कोळशासारखं काळं, पट्टा त्याहून फिकट. मासानोरी खोटं बोलला नव्हता. पण फिकट म्हणजे स्वच्छ नव्हे. मी बोट फिरवलं आणि बोट काळं झालं. धूळ राखाडी असते, झटकली की जाते. हे चिकट होतं, नखाने खरवडावं लागलं. काजळी. मग खिळ्याच्या भोकात काडी घातली. काडीचं टोकही काळं.

फळी गेल्या महिन्यात निघाली असती तर तिच्यामागचं लाकूड कोरं निघालं असतं. काजळी पट्ट्यावर धरायची तर फळी निघाल्यानंतर या घरात चुलीचा धूर व्हायला हवा. आणि या घरातली चूल कधी विझली ते साऱ्या गल्लीत मला एकट्याला तारखेनिशी माहीत होतं, कारण ती मीच मोडली होती.

मी एकोणीस वर्षांचा होतो, नोकरीला लागून दोन महिने झाले होते. गल्लीत गॅस आला. ताईंच्या सासूबाई, ज्यांना गल्ली टरकून असायची, त्या म्हणाल्या की गॅसवरच्या भाताला लोखंडाचा वास येतो. बावीस घरांत शेवटची जोडणी त्यांची. पण एकदा मान्य केल्यावर त्यांनी जुनी चूल त्याच दिवशी फोडायला लावली आणि विटा माझ्याकडून मागच्या पायऱ्यांपर्यंत वाहून घेतल्या. तेव्हापासून त्या घरात धूर नाही. त्याला एक्कावन्न वर्षं झाली.

म्हणजे फळी त्याच्याही आधी निघाली होती. तेव्हा गेनझो सात वर्षांचा, मासानोरी जन्मायचा, चिनामीच्या आईचंही लग्न झालं नसेल. घरात चारच माणसं होती: सासरे, सासूबाई, नवरा आणि सून. त्यातली तिघं आज गल्लीमागच्या दफनभूमीत आहेत.

मी दोन भोकांमधलं अंतर हाताने मोजलं. दोन वीत आणि चार बोटं. खालून सुरीचा आवाज येत होता, टक, टक, टक. मग तो थांबला.

६

खाली उतरलो. ताईंनी चिरलेली पात वाटीत भरली होती आणि फळी माझ्याकडे सरकवून ठेवली होती. मी हात तिच्यावर ठेवला. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत दोन वीत आणि चार बोटं.

"उलटी करा," ताई म्हणाल्या.

खालची बाजू गुळगुळीत, कोरी. सुरीचा एक वण नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच डिसेंबरात वर्षअखेरची काजळी झाडायचा दिवस आला. सासूबाईंनी बजावलं की आढ्यापर्यंत एक डाग दिसता कामा नये. बाकीचे वर चढत नसत, सून तेवीस वर्षांची, चढली. वर एक काळीकुट्ट फळी दिसली. माहेर तळ्यापलीकडे, सिमेंटच्या नव्या वसाहतीत, आढं आणि फळी कुठून माहीत असणार? खिळे उपटून तिने फळी खाली आणली, मागच्या पायऱ्यांवर बसून राख आणि पेंढ्याने लख्ख घासली.

"पाणी काळं काळं जात होतं," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, काय काम केलं मी. मग शेवटी शेवटी एक अक्षर दिसलं, आणि तेही माझ्या हाताखालीच गेलं."

"सासूबाईंना सांगितलं नाहीत?"

"तुम्ही सांगितलं असतं?"

मी नसतं सांगितलं. त्या बाईने मला विटा उचलायला लावल्या होत्या.

फळी त्यांनी आंबवणाच्या पिंपामागे दडवली. सासूबाई वीस वर्षांनी गेल्या, गल्लीला आपल्या फळीची ऐट सांगत सांगतच गेल्या. मग नवरा गेला. "फेकवेना, जाळवेना," ताई म्हणाल्या. "म्हणून हाताखाली घेतली. घासलेली बाजू तेवढी खाली."

मला खरं तर दया यायला हवी होती. पण राग आला, आणि मी तो गिळला नाही.

"आणि गेनझो? चार दिवस तो माणूस चोर म्हणून फिरतोय."

ताईंनी मान खाली घातली नाही. "पाटी माझ्याकडे आली तेव्हा वाचली मी. हातात शिक्का होता. पुढे जाऊन सांगायचं की शिक्का मारायचा, एवढंच होतं. पंचावन्न वर्षांची सवय, शिक्का मारला." मग म्हणाल्या, "सातला सभा ना? मी येते. तुम्ही काही बोलू नका."

७

सभेत ताईंनी फळी टेबलावर ठेवली आणि बसूनच सगळं सांगितलं. मासानोरी आपल्या बुटांकडे बघत होता. गेनझो दाराजवळ बसला होता. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं की तुला हे ठाऊक होतं का.

"भोकात काजळी होती," तो म्हणाला. "जुनं प्रकरण आहे एवढं कळलं. कोणाचं, ते मी बघत नाही."

"मग चार दिवस बोलला का नाहीस? मी दोनदा विचारलं तुला."

"लोकांच्या आढ्यात काय दिसतं ते सुतार गल्लीत सांगत नाही, होरीसान. सांगायला लागला तर त्याला वर कोण चढू देईल? तुम्हाला वर चढायला सांगितलं होतं ना मी."

मग त्याने फळी उचलली, झिजलेल्या बाजूवर अंगठा फिरवला आणि ताईंना म्हणाला की लाकूड उत्तम आहे, इतकी वर्षं पाणी खाऊन वाकलं नाही. ताईंच्या डोळ्यांना त्या दिवसात पहिल्यांदा पाणी आलं ते तेव्हा.

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या. त्यांनी घासलेल्या बाजूवर बॅटरीचा उजेड आडवा पाडला. शाई गेली होती, पण शाईखालचं लाकूड कमी झिजल्यामुळे अक्षरांच्या जागा केसभर वर राहिल्या होत्या. बांधणाऱ्याचं नाव लागलं नाही, साल लागलं. आमच्या माहितीपत्रकापेक्षा घर शंभर वर्षांनी तरुण निघालं. मी घाबरत विचारलं की आता यादीचं काय. बाई म्हणाल्या, तेवढं वय पुष्कळ झालं, आणि फळी नसती तरी चाललं असतं, आम्ही तुळया बघून ठरवतो. एवढ्याचसाठी आम्ही एका माणसाच्या तोंडाला काळं फासायला निघालो होतो.

शनिवारी मी नवा कागद लिहिला. या वेळी नाव लिहिलं, पूर्ण, आणि चूक कोणाची तेही: "गेनझो मिस्त्री यांचा काही दोष नाही. पहिला मजकूर प्रमुख होरी यांनी न बघता लिहिला." आणि पाटी उलटी फिरवली. बाविसाव्या घरापासून सुरू, म्हणजे ती फिरून सगळ्यांचे शिक्के घेऊन शेवटी गेनझोकडे पोचेल. कोणी त्याच्याकडे जाऊन दिलगिरी बोललं असेल असं मला वाटत नाही. तीन घरांनी मात्र फोन करून छपरांच्या तारखा घेतल्या, आणि तो तिन्ही ठिकाणी गेला. ताईंची फळी त्याने पुन्हा आढ्याला ठोकली, घासलेली बाजू पुढे करून. ताई आता प्लास्टिकच्या फळीवर मासे कापतात आणि काप घसरतात म्हणून कुरकुरतात.

पाटी माझ्याकडे परत आली तेव्हा तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. न्हाणीत मी बादली लावली होती, ती दर दोन तासांनी भरत होती. बावीस शिक्के बरोबर होते. शेऱ्याच्या रकान्यात गेल्या कित्येक वर्षांत कोणी काही लिहिलेलं मला आठवत नाही. तिथे सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलं होतं: "वाचलं. होरी यांचं छप्पर एप्रिलमध्ये."

एप्रिलमध्ये प्रमुखपण शेजारच्या घरी, म्हणजे गेनझोकडे जातं. मी भरलेली बादली तळ्यात ओतून आलो आणि पुन्हा जागेवर लावली.